पोलादी शॉट आणि ग्रिट : ब्लास्टिंगसाठी निवड

धातूच्या पृष्ठभागावरचा गंज, मिलस्केल (प्लेट गरम लाटताना तिच्यावर बसणारा ऑक्साइडचा थर), जुना रंग किंवा कास्टिंगला म्हणजे ओतीव वस्तूला चिकटलेली साच्याची वाळू काढण्यासाठी वेगाने मारले जाणारे पोलादाचे बारीक कण म्हणजे पोलादी अपघर्षक. त्याचे मुख्य प्रकार दोन : गोल दाण्याचा शॉट (कारखान्यात ‘छर्रा’ हाही शब्द चालतो) आणि कोनदार, धारेचा ग्रिट. कण फिरत्या चाकाच्या ब्लेडवरून फेकले जातात किंवा दाबाच्या हवेबरोबर नोझलमधून सोडले जातात; यालाच ब्लास्टिंग म्हणतात. कोणता प्रकार, किती जाडीचा आणि किती कठीण घ्यायचा, हे समोरचा पृष्ठभाग आणि सफाईनंतर त्यावर होणारे काम या दोन गोष्टींवर ठरते. पोत्यावरचा किलोचा भाव त्यानंतर पाहायचा असतो.

झोताने सफाई करण्याची कल्पना वाळूपासून सुरू झाली. अमेरिकेतील बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० मध्ये तिचे पेटंट घेतले. पण आदळून फुटणाऱ्या वाळूची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो. ब्रिटनमध्ये १९५० पासून कास्टिंगच्या ब्लास्टिंगसाठी वाळू वापरणे नियमाने बंद झाले. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला. वाळूची जागा आधी चिल्ड आयर्नच्या, म्हणजे झटकन गार करून कडक केलेल्या बिडाच्या, कणांनी घेतली. ते कठीण असले तरी ठिसूळ असतात, लवकर फुटतात. पोलाद मात्र शेकडो फेऱ्या टिकते, म्हणून जिथे कण गोळा करून परत वापरता येतात तिथे तेच परवडते.

वितळलेल्या पोलादाच्या धारेवर पाण्याचे जोरदार फवारे मारले की तिचे थेंब होऊन गोठतात, हाच शॉट. तो वाळवून, चाळून, पुन्हा तापवून पाणी देतात (एकदम गार करून कडक करतात) आणि मग टेम्परिंग करतात, म्हणजे बेताने तापवून ठिसूळपणा कमी करतात. मोठे दाणे कडक अवस्थेत फोडले की ग्रिट मिळतो. नेहमीच्या उच्च कार्बन पोलादात कार्बन सुमारे ०.८ ते १.२ टक्के असतो. कमी कार्बनचा शॉटही मिळतो.

शॉट हातोडीसारखा ठोकतो, ग्रिट छिन्नीसारखा खरवडतो. नव्या प्लेटवरचे मिलस्केल ठिसूळ असल्याने शॉटच्या ठोक्याने तडकून उडते. कास्टिंगवरची वाळूही तशीच सुटते. त्यामुळे कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत हँगर (वस्तू टांगून साफ करणाऱ्या) आणि टंबलास्ट (वस्तू उलटसुलट घोळवून साफ करणाऱ्या) मशीनमध्ये शॉटच दिसतो. उलट चिवट गंज, जुन्या रंगाचे थर किंवा रबराचे अस्तर यांवर शॉट बराचसा वाया जातो. तिथे धार हवी.

जाडीच्या आकड्यांत नवखा माणूस हमखास फसतो. शॉटचा ‘एस’ क्रमांक म्हणजे इंचाचा दहा हजारावा भाग धरून मोजलेली जाडी : एस-३९० म्हणजे ०.०३९ इंच, साधारण १ मिलिमीटर. एस-२३० म्हणजे सुमारे ०.६ मिलिमीटर. आकडा वाढला की दाणा मोठा. ग्रिटचा ‘जी’ क्रमांक चाळणीच्या जाळीवरून येतो, म्हणून तो उलटा चालतो. जी-२५ सुमारे ०.७ मिलिमीटरचा, जी-४० सुमारे ०.४२ मिलिमीटरचा आणि जी-८० त्याहून बराच बारीक.

मोठा दाणा घेतला की काम लवकर उरकेल, हा समज फार पसरलेला आहे आणि तोच सर्वांत महागात पडतो. दाण्याचे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. १ मिलिमीटरच्या शॉटचे एका किलोत साधारण अडीच लाख दाणे बसतात, अर्ध्या मिलिमीटरचे वीस लाख. म्हणजे व्यास निम्मा केला तर त्याच वेगाला प्रत्येक ठोक्याची ऊर्जा आठव्या हिश्शावर येते, पण ठोके आठपट होतात. घाण सुटण्यापुरती ऊर्जा मिळाली की पुढची सगळी गती ठोक्यांच्या संख्येवर अवलंबून असते. म्हणून अनुभवी माणूस काम होईल असा सर्वांत लहान दाणा शोधतो. जाड कास्टिंगवर भाजून बसलेल्या वाळूला एस-४६० लागेलही, पण पातळ पत्र्यावर तोच दाणा पत्रा वाकवतो. गंजून खड्डे पडलेल्या जुन्या लोखंडावर तर बारीक ग्रिटच उपयोगी, कारण मोठा दाणा खड्ड्याच्या तळाला पोहोचतच नाही.

रॉकवेल ‘सी’ मापावर शॉटची कठीणता सुमारे ४० ते ५१ असते. ग्रिट तीन दर्जांत मिळतो. ‘जीपी’ची कठीणता शॉटच्या आसपास असते आणि वापरता वापरता त्याचे कोने गोल होतात. ‘जीएल’ मधला. ‘जीएच’ ६० च्या वर जातो आणि फुटला तरी टोकदारच राहतो. जीएच नोझलच्या कामासाठी उत्तम, पण चाकाच्या मशीनमध्ये तो ब्लेड आणि लायनर (आतले संरक्षक अस्तर) खातो. नोझलवर वापरतानाही बंदिस्त खोली आणि खालून कण गोळा करण्याची सोय हवी. उघड्या मैदानात पोलादी ग्रिट उडवणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

सफाईनंतर रंग किंवा कोटिंग असेल तर पृष्ठभाग किती खडबडीत झाला हे त्याच्या स्वच्छतेइतकेच महत्त्वाचे. स्वच्छतेची पातळी आयएसओ ८५०१-१ मधल्या चित्रांशी ताडून ठरवतात. पुलाचे गर्डर, टाक्या, जहाजाच्या प्लेटा यांना बहुधा एसए २½ ही जवळपास पूर्ण सफाईची पातळी मागितलेली असते. खडबडीतपणासाठी आयएसओ ८५०३ चे तुलनापट्ट वापरतात. त्यात शॉटसाठी वेगळा आणि ग्रिटसाठी वेगळा पट्ट असतो, कारण शॉटने उथळ गोल खळगे पडतात आणि ग्रिटने टोकदार शिखरे उठतात. पाइपलाइनवरच्या फ्यूजन बाँडेड इपॉक्सीसारख्या (तापलेल्या पाइपवर वितळून बसणाऱ्या भुकटीच्या) कोटिंगला पकडीसाठी ती शिखरे लागतात. पण शिखरे फाजील उंच झाली तर वेगळीच पीडा : १०० मायक्रॉनच्या खडबडीत पृष्ठभागावर ६० मायक्रॉनचा प्रायमर मारला तर टोके उघडी राहतात आणि काही दिवसांत सगळीकडे गंजाचे बारीक ठिपके उमटतात. दोष मात्र रंगाला लागतो. चाकाच्या मशीनवर पकड आणि मशीनचे आयुष्य दोन्ही सांभाळायला शॉट आणि ग्रिट मिसळून वापरण्याची पद्धत आहे.

मुळात पृष्ठभागावर आदळतो तो पोत्यातला माल नसतोच. मशीन काही काळ चालले की हॉपरमध्ये (कण साठवणाऱ्या टाकीत) नवे, अर्धवट झिजलेले आणि बारीक झालेले असे सर्व मापांचे कण एकत्र फिरत असतात. हेच खरे कामाचे मिश्रण. त्यातले मोठे कण थर फोडतात, बारीक कण मधल्या जागा साफ करतात. ते टिकवायचे तर रोज जेवढे कण झिजून गेले तेवढेच नवे टाकायचे. कण कमी पडून चाकाच्या मोटरचा ॲमीटर (विजेचा प्रवाह दाखवणारा काटा) खाली येईपर्यंत थांबून एकदम पोती ओतली की मिश्रण जाड होते, खडबडीतपणा उडी मारतो आणि रंग जास्त लागतो. सेपरेटरमध्ये (परतलेल्या कणांतली धूळ-वाळू हवेने वेगळी करणाऱ्या भागात) कणांचा पडदा पूर्ण रुंदीभर सारखा पडतो ना, हेही रोज पाहायला हवे. तो एका बाजूला जाड पडला की हवा तिथली वाळू आणि धूळ उचलत नाही, आणि परत फिरणारी थोडीशी वाळूही ब्लेड झपाट्याने झिजवते.

माल घेताना निव्वळ चकाकी पाहून उपयोग नाही. मूठभर दाणे राळेत बसवून निम्म्यापर्यंत घासायचे आणि भिंगाखाली धरायचे. पोकळ दाण्यात काळे भोक दिसते, तडा गेलेल्यात रेघ. असे दाणे पहिल्या काही फेऱ्यांतच फुटतात. वापरातल्या मालासाठी त्याहून सोपी कसोटी आहे. काचेच्या बाटलीत स्वच्छ पाण्यात चमचाभर कण टाकून हलवायचे. पाण्यावर तेलाचा तवंग आला तर ते तेल स्वच्छ दिसणाऱ्या प्रत्येक प्लेटवर जाते आहे. त्याच पाण्याची विद्युतवाहकता मोजली की क्षारांचा अंदाज येतो. समुद्रातून वर घेतलेल्या जहाजांवर काम करणाऱ्या मुंबई-गोव्याच्या गोद्यांत हे तपासणे टाळूच नये, कारण एका सांगाड्यावरचे मीठ कणांबरोबर पुढच्या सांगाड्यावर पोहोचते.

दमट हवा पोलादी कणांची वैरी आहे. कोकणच्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पोत्यातल्या कणांची गंजून ढेकळे होतात आणि ती नोझलमध्ये अडकतात. कॉम्प्रेसरच्या हवेतले पाणी काढून टाकणे आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस वर असणे, या दोन अटी पाळल्या नाहीत तर साफ केलेली प्लेट रंगाआधीच तांबूस पडते.

स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमवर साधे पोलादी कण वापरू नयेत. पृष्ठभागात रुतलेले लोखंडाचे अंश पुढे गंजतात. तिथे स्टेनलेसचा शॉट, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी घ्यावेत. ऑटोमोबाइलच्या स्प्रिंगा आणि गिअर यांचे आयुष्य वाढवणारे शॉट पीनिंग (ठोक्यांनी पृष्ठभाग दाबून मजबूत करणे) ही वेगळी प्रक्रिया आहे. तिथला शॉट अधिक काटेकोर मापाचा लागतो, म्हणून सफाईच्या मशीनमधला माल त्यासाठी चालत नाही.

वाळू गेली म्हणून धुळीचा धोका गेला असे होत नाही. पोलादात मोकळा सिलिका नसला तरी कास्टिंगवरची वाळू आणि जुन्या रंगातले शिसे ब्लास्टिंगच्या धुळीत येतातच. नोझल धरणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे हेल्मेट आणि मशीनला चालू स्थितीतला धूळसंकलक, हे दोन्ही कोणत्याही अपघर्षकाबरोबर लागतात.