फॅनचा रेग्युलेटर वेगळा, लाईटचा डिमर वेगळा, आणि बल्ब कोणता ते त्याहून महत्त्वाचं

घराचं काम निघालं की वायरमन बोर्ड बसवताना विचारतोच, हॉलच्या लाईटीला पण रेग्युलेटर टाकू का, कमी-जास्त करता येईल. आपण लगेच हो म्हणतो, कारण फॅनचा रेग्युलेटर अन लाईटचा डिमर बोर्डावर सेम दिसतात, तीच गोल कळ, तसंच फिरवायचं. पण आतून दोघांचं काम लई वेगळं आहे, आणि एलईडी आल्यापासून हा फरक माहीत नसल्यामुळं लोकांचे पैसे वाया जायलेत, म्हणून जरा सविस्तर लिहायलोय.

फॅनचा टकटक आवाज करत नंबरावर फिरणारा जो रेग्युलेटर असतो त्यात कपॅसिटर, म्हणजे वीज थोडी अडवून धरणारे छोटे भाग, असतात. नंबर बदलला की वेगळा कपॅसिटर फॅनच्या सिरीजमध्ये, म्हणजे फॅनकडं जाणाऱ्या त्याच वायरीत मधे येतो, फॅनला व्होल्टेज कमी मिळतं, फॅन हळू फिरतो, आणि पाच नंबरला मधे काहीच राहत नाही, फॅन डायरेक्ट. हा सगळा हिशोब मोटारीचा, लाईटीचा नाही.

डिमर व्होल्टेज असं सरसकट उतरवत नाही. आपल्या घरात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची लाईट येते, म्हणजे वीज लाटेसारखी वर-खाली होते, सेकंदाला 50 पूर्ण लाटा, म्हणजेच 100 अर्ध्या लाटा, आणि डिमर त्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा कापून टाकतो. जेवढा तुकडा मोठा तेवढा उजेड कमी. साधे स्वस्त डिमर लाटेचं पुढचं टोक कापतात, त्याला लीडिंग एज म्हणतात, आणि मागचं टोक कापणारे ट्रेलिंग एज, ते महाग असतात पण एलईडीला बहुतेक वेळा तेच जास्त मानवतात. टकटक न करता सलग फिरणारे फॅन रेग्युलेटर पण लाटच कापतात, म्हणून गोंधळ अजून वाढतो, पण त्यांचं सेटिंग मोटारीसाठीचं असतं, ते एका मर्यादेखाली जातच नाहीत. उलटं पण करू नका, लाईटच्या डिमरवर फॅन जोडला तर मोटार घुंघुं करते, तापते आणि डिमर पण जाऊ शकतो.

आता खरी गोष्ट बल्बची. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब म्हणजे नुसती तार, त्याला रेग्युलेटर लावा नाहीतर डिमर, कमी वीज मिळाली की तो मंद व्हायचाच, म्हणून तेव्हा कुणाला फरक कळला नाही. एलईडीच्या पोटात मात्र ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं आणि त्याचं कामच हे की बाहेर काही का होईना, आतल्या एलईडीला करंट एकसारखा द्यायचा. आपल्याकडं गावात शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि पिवळा बल्ब निखाऱ्यासारखा लाल दिसायचा, आठवतंय का? एलईडी तेवढ्याच व्होल्टेजवर चकचकीत जळतो, सगळ्यांना तेच आवडलं. पण हाच गुण डिमरवर आडवा येतो, तुम्ही कळ फिरवता, ड्रायव्हर उजेड कमी होऊ देत नाही, अजून फिरवली की त्याला झेपत नाही मग बल्ब फडफडतो, मधेच विझतो, गुणगुणतो, आणि असंच चालू ठेवलं तर ड्रायव्हर लवकर जळतो. कपॅसिटरच्या रेग्युलेटरवर पण असाच छळ होतो.

म्हणून बल्बाच्या बॉक्सवर डिमेबल, म्हणजे डिमरवर चालणारा, असं लिहिलंय का ते आधी बघा. लिहिलेलं नसेल तर नाही असंच धरा. 2015 ला सुरू झालेल्या सरकारच्या उजाला योजनेतले स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी आले, ते साधे आहेत, डिमरवर लावू नका.

बल्ब डिमेबल असून पण फडफडला तर बऱ्याचदा लोड, म्हणजे जोडलेल्या बल्बांचे एकूण वॅट, कमी पडलेला असतो. जुन्या डिमरला कमीत कमी 40-60 वॅट लोड लागतो, आणि आपण त्याच्यावर 9 वॅटचा एकच बल्ब लावतो, मग तो कसा नीट चालणार! डिमरवर एलईडीसाठीचे वॅट वेगळे छापलेत का ते बघायचं. दुसरं, आपल्याकडं लाईट जाणं काही नवीन नाही, आणि घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लाट देणारा असेल तर त्याच्यावर डिमर नीट चालत नाही. साईन वेव्हचा, म्हणजे लाईटीसारखीच गोलसर लाट देणारा असेल तर ही अडचण नाही.

माझं स्पष्ट मत, बहुतेक घरांना डिमर लागतच नाही. स्विच बंद-चालू केला की उजेड पायरीनं कमी होणारे बल्ब मिळतात, साध्या स्विचवर चालतात, देवघराला किंवा झोपायच्या खोलीला तेवढं बास आहे. मोबाईलवरून कमी-जास्त होणारा स्मार्ट बल्ब घेतला तर तो पण साध्याच स्विचवर ठेवा, डिमरवर नाही. फक्त रंग बदलणारा थ्री-इन-वन बल्ब मंद होतो असं समजून घेऊ नका, तो पांढऱ्याचा पिवळा होतो, उजेड तेवढाच राहतो.

डिमरच पाहिजे असेल तर 2700 किंवा 3000 केल्विनचा वॉर्म, म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब घ्या (केल्विन हा उजेडाच्या रंगाचा आकडा). 6500 चा पांढरा मंद केला की खोली निळसर, मरगळलेली दिसते, कारण एलईडी मंद झाला तरी पिवळ्या बल्बासारखा आपोआप तांबूस होत नाही. आणि डोळ्याचं गणित पण वेगळं असतं, उजेड पावपट केला तरी डोळ्याला अर्धाच वाटतो, त्यामुळं कळ बरीच खाली न्यावी लागते आणि फडफड नेमकी तिथंच निघते. लातूरला गंजगोलाईत घ्या नाहीतर नांदेडला वजिराबादेत, दुकानदाराला तोच डिमर अन तेवढेच बल्ब एकत्र जोडून दाखवायला सांगा, कळ पार खालपर्यंत फिरवा, थोडा वेळ तशीच राहू द्या आणि बल्बाला कान लावून ऐका.