ओट्यातला डिंक

सिंकखालचं कपाट उघडून फिनाइलची बाटली उचलली, तर बाटलीबरोबर तळाची फळीही वर आली. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली होती. बोट लावावं तिथे भुगा. वरचं लॅमिनेट मात्र शाबूत, चकचकीत, काल बसवल्यासारखं. सात वर्षांपूर्वी ज्याने हे बसवलं त्याने ‘वॉटरप्रूफ आहे ताई, काळजीच नको’ असं सांगितलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. तो लॅमिनेटबद्दल बोलत होता, मी फळीबद्दल ऐकत होते.

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं आणि दुकानांच्या चकरा सुरू झाल्या. दुकानात पहिला प्रश्न रंगाचा, दुसरा बजेटचा. मला विचारावासा वाटतो तो तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही: या वस्तूचे कण एकमेकांना धरून आहेत ते कशाच्या जोरावर? ओट्याचा दगड असो, कपाटाचा प्लाय असो की सनमायका, माल फुगतो, डागाळतो, सुटतो तो बहुतेक वेळा या धरणाऱ्याच्या ठिकाणी.

आधी दगड. आमच्या जुन्या घरी ओटा कडप्प्याचा होता. हा दगड आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातून येतो, नावही तिथलंच. जमिनीवर झाडही नव्हतं आणि जनावरही नव्हतं, अशा काळात उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तो बनला. म्हणूनच तो खाणीतून मुळातच पातळ पापुद्र्यांत निघतो आणि स्वस्त पडतो. काळेपणामुळे कडप्पा आणि काळा ग्रॅनाइट सख्खे भाऊ वाटतात, पण कडप्प्याचं खरं गोत्र खडूचं आणि शिंपल्यांचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं. शहाबादी फरशी आणि संगमरवरही त्याच कुळातले.

या कुळाचं आंबटाशी हाडवैर. लिंबाचा थेंब पडला की त्यातलं सायट्रिक आम्ल कार्बोनेट फोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तेवढ्या जागेची झिलई उतरते. चिंच, कोकम, ताक, टोमॅटो सगळे हेच करतात, कुणी सावकाश तर कुणी झपाट्याने. त्या पांढुरक्या ठिपक्याला आपण डाग म्हणतो आणि घासत बसतो. तो डाग नाहीच, तो खड्डा आहे. खड्डा घासून निघत नाही. आई कडप्प्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवायची, ते मात्र बरोबर होतं. खडबडीत झालेला पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो म्हणून पांढरट दिसतो. तेल त्या खाचा भरून काढतं आणि काळा रंग परत येतो. चार दिवसांसाठी का होईना.

ग्रॅनाइटमध्ये डिंक नसतो. जमिनीखाली खोलवर शिलारस अतिशय सावकाश थंड झाला, स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला आणि वाढता वाढता ते एकमेकांत घुसून बसले, बोटांत बोटं अडकवावीत तसे. त्यांना सोडवायला पाणी, लिंबू, गरम कढई यांतलं काहीच पुरे पडत नाही. कठीणपणाच्या मोह्स मापावर ग्रॅनाइटमधली मुख्य खनिजं, म्हणजे फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ ७ वर आहे, घरची स्टीलची सुरी साधारण साडेपाचच्या आसपास. म्हणून ग्रॅनाइटवर सुरी चालवली की करडी रेघ उमटते ती दगडावरचा ओरखडा नसते. ते सुरीचं पोलाद झिजून दगडाला लागलेलं असतं. दगडाला काही होत नाही, धार जाते.

एक गंमत सांगायलाच हवी. आपल्याकडे ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून खपणारा बराचसा दगड भूशास्त्राच्या व्याख्येत ग्रॅनाइट नाहीच. ग्रॅनाइट म्हणायचं तर त्याच्या फिकट खनिजांत किमान २० टक्के क्वार्ट्झ हवं. काळे दगड बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचे. सोनेरी टिकल्यांचा तो प्रसिद्ध ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्रमधल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चीमकुर्तीचा, आणि त्या टिकल्या म्हणजे ब्राँझाइट नावाचं खनिज. ओट्याच्या दृष्टीने या चुकीच्या नावाने काही बिघडत नाही. उलट हे दगड घट्ट विणीचे असतात, पाणी-तेल फार कमी पितात. फिकट रंगांचे काही ग्रॅनाइट मात्र बऱ्यापैकी पितात. दुकानातून तुकडा आणावा, त्यावर पाण्याचा थेंब टाकून दहा मिनिटं थांबावं आणि पुसून पाहावं. ओली सावली राहिली तर उद्या तिथे फोडणीच्या तेलाची सावली राहणार. करड्या दगडाला काळा रंग चढवून विकणारेही आहेत. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनमध्ये कापूस बुडवून चोळला की कापूस बोलतो.

मग मनात येतं, महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला, तरी ओट्याला दगड आंध्रातून का आणायचा? कारण आपला बेसाल्ट जमिनीवर ओतला गेला आणि भराभर निवला. निवताना आकसला, तडकला, वायूचे बुडबुडे आत अडकून छिद्रं राहिली. जात्याला आणि पाट्याला तो खरबरीतपणा वरदानच ठरला. ओट्यासाठी सहा-आठ फुटांची निर्दोष लादी त्यातून काढणं मात्र अवघड.

आता ओट्याचा ‘क्वार्ट्झ’, म्हणजे त्याच खनिजाच्या चुऱ्यापासून बनवलेला कृत्रिम दगड, दुकानदाराचा सगळ्यात लाडका माल. पांढराशुभ्र, एकसारखा, सांधा दिसत नाही. क्वार्ट्झचा चुरा आणि भुकटी वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास, उरलेली पॉलिएस्टर राळ आणि रंग. हे मिश्रण निर्वात जागेत कंप देत दाबायचं आणि तापवून पक्कं करायचं. ही पद्धत इटलीतल्या ब्रेटन कंपनीने बसवली. दगड नव्वद टक्के असला तरी ओट्याचा स्वभाव ठरतो तो त्या दहा टक्क्यांवर. लिंबाला क्वार्ट्झ भीत नाही, राळही भीत नाही. उष्णतेला मात्र राळ भिते. दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास ती पिवळी पडू लागते, आणि आपली फोडणीची पळी तर त्याहून तापलेली असते. ग्रॅनाइटवर कढई आपटायची सवय असलेल्या घरात क्वार्ट्झ आणला तर प्रत्येक भांड्याखाली लाकडी पाट सरकवायची शिस्तही आणावी लागते. आमच्या घरात ती येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

दुसरी अडचण हळदीची. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि राळ-प्लास्टिक यांच्याशी त्याचं चांगलं जमतं; प्लास्टिकचा डबा एकदा आमटीने पिवळा झाला की झालाच. पांढऱ्या ओट्यावर सांडलेली फोडणी लगेच पुसावी. साबण लावल्यावर डाग लालसर झाला तर घाबरू नये, अल्कलीत हळद लाल होते. चुन्याने कुंकू होतं ते याच कारणाने. आणि खिडकीतून ऊन येत असेल तर ते हळदीचा डाग फिका करतं, कारण प्रकाशात कर्क्युमिनचा रेणू तुटतो.

पण माझं मन क्वार्ट्झवरून उतरलं ते हळदीने नव्हे, धुळीने. घरात बसवलेला क्वार्ट्झचा ओटा कुणाला अपाय करत नाही. अपाय होतो तो कापणाऱ्याला. क्वार्ट्झ खनिज म्हणजे सिलिकाच, आणि कटर फिरतो तेव्हा सिलिकाचे इतके सूक्ष्म कण उडतात की ते नाकात-घशात न अडकता थेट फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पचवू शकत नाहीत, स्वतः मरतात आणि दाह मागे ठेवतात. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की फुप्फुसात व्रणाच्या गाठी होतात. हा सिलिकोसिस, एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. क्वार्ट्झमध्ये सिलिकाचं प्रमाण इतकं मोठं की तरुण कारागीरही थोड्या वर्षांत आजारी पडल्याची प्रकरणं अनेक देशांत पुढे आली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या लाद्या बनवण्यावर, पुरवण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. असं करणारा तो पहिला देश.

ग्रॅनाइट कापतानाही सिलिका उडते, फक्त कमी. आपल्याकडे सिंकचं भोक बऱ्याचदा घरातच पाडतात. कारागीर तोंडाला रुमाल बांधतो, आपण दार लावून घेतो. त्या रुमालातून हे कण आरपार जातात. कटरवर सतत पाण्याची धार सोडली तर धूळ उडण्याआधीच तिचा चिखल होतो. राड पसरते, फरशी घाण होते, चार तास जास्त जातात. तरी ‘पाणी सोडूनच कापा’ हे ठरवतानाच सांगावं, आणि त्या चार तासांचे पैसेही द्यावेत.

आता ओट्याखाली. लाकूड पाणी पितं कारण सेल्युलोजला पाण्याची ओढ आहे. ओलं झालं की ते आडवं फुगतं, काही टक्के. लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. प्लायवुडची करामत इथेच आहे: एका थराचे तंतू उभे, पुढच्याचे आडवे, म्हणजे प्रत्येक थर शेजाऱ्याला फुगण्यापासून रोखतो. थर विषम संख्येत, म्हणजे दोन्ही अंगांना ताण सारखा. पण थरांना रोखून धरतो तो सरस. स्वस्त प्लायमध्ये तो युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. ओल आणि उष्णता मिळून त्याचे बंध हळूहळू तोडतात. चांगल्या प्लायमध्ये फिनॉल-फॉर्मल्डिहाइड, म्हणजे लिओ बेकलंडने १९०७ साली बनवलेल्या बेकलाइटचाच प्रकार. कुकरची काळी मूठ बेकलाइटची असते. रोज वाफ खाऊनही ती विरघळलेली कुणी पाहिली नसेल. मरीन प्लायसाठीचं भारतीय मानक आहे आयएस ७१०, आणि त्यात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला काही अर्थ नाही. फळीवर ७१० चा शिक्का आहे का, एवढंच पाहावं.

माझी फुगलेली फळी पार्टिकल बोर्डची होती. त्यात थर नसतात, भुसा सरसात कालवून दाबलेला असतो. पाणी शिरलं की दाबलेले कण मूळ आकाराला उसळतात आणि वाळल्यावरही परत बसत नाहीत. एमडीएफची कथा तीच, फक्त कण बारीक. एचडीएचएमआर, म्हणजे जास्त घट्ट दाबलेला आणि ओल जास्त सोसणारा बोर्ड, पुष्कळ बरं, पण सिंकखाली मी तेही वापरणार नाही. वरचं लॅमिनेट म्हणजे फिनॉलच्या राळेत भिजवलेले कागद आणि वर मेलामाइनचा पातळ थर. त्यातून पाणी जात नाही. ते जातं कडेने, बिजागरीच्या स्क्रूच्या भोकातून, नळाच्या पाइपासाठी पाडलेल्या आणि उघड्या सोडलेल्या गोलातून. कपाट विकत घेताना दार उघडून आधी ती न दिसणारी कड पाहावी.

नव्या फर्निचरचा डोळ्यांना झोंबणारा वासही याच सरसाचा. युरियाचा सरस तुटताना फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, आणि दमट-गरम हवेत जास्त पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. पावसाळ्यात काम करून घेतलं तर निदान खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

स्टीलच्या ट्रॉल्यांबद्दल थोडक्यात. ३०४ ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियम हवेशी मिळून न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा धरतं, तोच गंज थोपवतो. २०२ ग्रेडमध्ये निकेल वाचवून मँगनीज घालतात, क्रोमियमही कमी. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तो आधी ठिपके धरतो. दुकानदार लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणतो. चुंबक २०२ लाही चिकटत नाही. बिलावर ३०४ लिहून घ्यावं.

शेवटी आमच्याकडे ठरलं ते असं: वर काळा ग्रॅनाइट, त्याच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच, म्हणजे कडेला चिकटून आत सरकणारं पाणी तिथेच तुटून खाली पडेल. सिंकखाली जुन्या पद्धतीचे कडप्प्याचे उभे आडवे तुकडे. तिथे लिंबू पोचत नाही आणि वाळवीला दगड खाता येत नाही. बाकी कपाटं ७१० च्या प्लायची.

त्याआधी एका रविवारी मिस्त्रीने आणून दिलेले प्लायचे दोन तुकडे मी मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवले. ७२ तास गॅस जाळणं परवडणारं नव्हतं, म्हणून आठ तास. एकाचे थर दुपारच्या जेवणाआधीच भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटले. दुसरा संध्याकाळपर्यंत काळाठिक्कर पडला, पण एकसंध राहिला. पाणी कोऱ्या चहासारखं लाल झालं होतं. आई मागे येऊन उभी राहिली, दोन्ही तुकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, “प्लाय कळला गं. आता त्या पातेल्यात उद्या दूध तापवू नकोस.”