इलेक्ट्रिक कार घेताय? बुकिंगआधी लाइट बिल काढा : सातारा-सांगलीकरांसाठी अर्ज, कागदपत्रं आणि सवलतींची माहिती

शोरूममध्ये इलेक्ट्रिक कारची बोलणी रेंज, रंग आणि डिस्काउंटवर होतात. गाडी दारात आल्यावर अडतं ते मात्र मीटरच्या पेटीपाशी. आरटीओचं काम बहुतेक वेळा डीलर करून देतो. महावितरणचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं आणि वेळही त्यालाच लागतो. म्हणून क्रम उलटा धरा, आधी वीज आणि मग बुकिंग. खालची माहितीही त्याच क्रमाने आहे.

बिलावर काय बघायचं

ताजं बिल समोर घ्या. बारा अंकी ग्राहक क्रमांक, मीटर कुणाच्या नावावर आहे, जोडणी सिंगल फेज की थ्री फेज आणि 'मंजूर भार' (महावितरणने एका वेळी वापरायला मंजूर केलेली वीज) किती, एवढ्या चार गोष्टी शोधा. जुन्या घरांमध्ये मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असतो. त्यात नंतर एसी, गिझर, इंडक्शन येत गेले आणि भार वाढवून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, ही घरोघरची गोष्ट.

कार चार्ज करायचे घरगुती मार्ग दोन. पहिला म्हणजे साधा १५-१६ अँपिअरचा सॉकेट. गाडीबरोबर येणारी केबल त्यात लावली की तासाला साधारण तीन युनिट गाडीत जातात. दुसरा म्हणजे भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर. तो एकटाच ३२ अँपिअरच्या आसपास घेतो. सिंगल फेज जोडणी ४० अँपिअरपर्यंतच मिळते. दोन किलोवॅटचा गिझर नऊ अँपिअर घेतो. म्हणजे पहाटे गाडी चार्जिंगला असताना कुणी आंघोळीला पाणी तापवायला लावलं की बेरीज ४१. जोडणी सिंगल फेज असून ७.२ चा चार्जर हवा असेल तर थ्री फेजचा विचार आत्ताच करा.

पण तो चार्जर खरंच हवा का? बहुतेक गाड्या शंभर किलोमीटरला, चार्जिंगमधली गळती धरून, १२ ते १५ युनिट खातात. सांगली-मिरज ये-जा करणाऱ्याचं काम सॉकेटवर तासा-दीड तासात होतं. रोज सातारा-कराड जाऊन येणाऱ्याची शंभरेक किलोमीटर होतात, त्याला पाच तास लागतील आणि रात्र त्याहून मोठी आहे. घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील, बॅटरी मोठी असेल किंवा रात्री उशिरा येऊन पहाटे पुन्हा निघायचं असेल, तरच मोठ्या चार्जरच्या मागे लागावं, असं माझं मत. कंपनी चार्जर फुकट देते म्हणून तो बसवायचा आणि त्यासाठी थ्री फेजचा खर्च आपण करायचा, हा हिशेब मला पटत नाही.

सॉकेट वापरणार असाल तरी तो पार्किंगमधला बल्बचा पॉइंट नको. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग लागतं. अर्थिंग कच्चं असेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. गाडी बिघडली म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन जातो आणि दोष निघतो अंगणातल्या सुकलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात. वायरमनला हे काम गाडी यायच्या आधी सांगा.

भारवाढीचा अर्ज

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाइल अॅपवरून करता येतो, नाहीतर आपल्या उपविभाग कार्यालयात. नवीन जोडणीला आणि भारवाढीला ए-१ हाच अर्ज. सोबत ओळखीचा पुरावा, जागेचा पुरावा आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. जागेच्या पुराव्याला घरपट्टीची पावती, गावात ८अ चा उतारा, शहरात मालमत्ता पत्रक किंवा खरेदीखताचं इंडेक्स दोन चालतं. घर भाड्याचं असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र आणि भाडेकरार जोडा. मागची थकबाकी आधी भरून टाका.

खिडकीवर सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते असे :

"मीटर कुणाच्या नावावर आहे?"

"आजोबांच्या."

"आजोबा आहेत का?"

"नाहीत, जाऊन बरीच वर्षं झाली."

"मग दादा, आधी नावाचं बघा. भाराचं नंतर."

नाव बदलायचा अर्ज वेगळा असतो. त्याला मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि घर आता कुणाच्या नावावर आहे त्याचा उतारा लागतो. भावकीत सह्या मिळवायला किती दिवस जातात हे इथल्या कुणाला सांगायला नको. गाडीचं मनात आलं त्याच आठवड्यात हे काम सुरू करा.

कागद पूर्ण झाले की पाहणी होते आणि कोटेशन निघतं. त्यात सुरक्षा ठेवीचा फरक आणि लागू असलेले इतर आकार असतात. कोटेशन ऑनलाइन भरून पावती जपून ठेवा. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पूर्ण अर्ज आल्यापासून महानगरांबाहेरच्या नगरपालिका-महापालिका क्षेत्रात ७ दिवसांत, ग्रामीण भागात १५ दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत जोडणी किंवा बदल करून द्यायचा असतो. नवे खांब, नवा ट्रान्सफॉर्मर लागणार असेल तर गोष्ट वेगळी. 'पूर्ण अर्ज' हा शब्द महत्त्वाचा, एक कागद कमी असला की दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. चौकशीसाठी महावितरणचे १९१२ आणि १९१२० हे क्रमांक आहेत.

तेच मीटर की वेगळं मीटर?

स्वतःच्या घरी स्वतःची गाडी चार्ज करायला कोणताही परवाना लागत नाही, आणि वेगळं मीटर घ्यायची सक्तीही नाही. घरच्या मीटरवर चार्ज केलीत तर त्या जागेला जो दर लागू आहे तोच गाडीलाही लागतो. घर असेल तर घरगुती, दुकान असेल तर व्यापारी. दुकानाच्या मागे गाडी लावून तिथेच रात्रभर चार्ज करणाऱ्या व्यापाऱ्यांनी हे आधी गणित करून बघावं.

घरगुती दरात टप्पे आहेत : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर १४०-१५० युनिट वाढतात, आणि वाढलेली युनिटं नेहमी वरच्याच टप्प्यात जाऊन बसतात. ज्याचं घर ९० युनिटांत भागतं तो २४० वर जातो, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात राहतो. ज्याचं आधीच २५० आहे तो ४०० वर पोचतो आणि गाडीची बरीचशी वीज तिसऱ्या टप्प्याच्या दराने मोजतो. 'किलोमीटरला एक रुपया' हे जाहिरातीतलं वाक्य पहिल्याच्या बाबतीतही खरं ठरेलच असं नाही, दुसऱ्याच्या बाबतीत तर नाहीच.

दुसऱ्या गटातल्यांनी इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगच्या स्वतंत्र दरगटात वेगळी जोडणी मागावी. नियमाने ती मिळते. तिला स्थिर आकार वेगळा पडतो, म्हणून फिरणं कमी असेल तर फायदा उरत नाही. स्मार्ट टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वीज मोजणारं) मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत सुरू झाली आहे. नोकरदाराची गाडी नेमकी त्याच वेळेत ऑफिसबाहेर उन्हात उभी असते, पण घरून काम करणाऱ्यांना आणि निवृत्तांना ती सवलत पुरेपूर मिळते.

छत स्वतःचं असेल तर छतावरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेचाही अर्ज याच सुमारास करा. दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटमधून महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट निघतात, म्हणजे हजार किलोमीटरच्या गाडीसाठी सव्वा-दीड किलोवॅट धरा. क्षमता ठरवताना गाडीची युनिटं आधीच मिळवा, मागाहून पॅनेल वाढवणं कटकटीचं जातं.

मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. वस्तीवरच्या घराला घरगुती मीटर नसेल तर त्याचा अर्ज पहिला.

अपार्टमेंट आणि पुराचं पाणी

फ्लॅटधारकांना सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. नुसतं तोंडी "लावा की" चालत नाही. कार्यकारिणीचा ठराव, त्यात पार्किंग क्रमांक, केबल कुठून जाणार आणि खर्च कुणाचा, एवढं लिहून घ्या. कॉमन मीटरवर कुणी गाडी लावली की दुसऱ्या महिन्यात सभेत भांडण ठरलेलं, म्हणून आपल्या फ्लॅटच्या मीटरपासून केबल किंवा स्वतंत्र जोडणी हेच दोन मार्ग.

सांगलीकरांनी चार्जरची उंची ठरवताना २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठवावेत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ज्यांच्या तळमजल्यात त्या पुरांत पाणी आलं त्यांनी चार्जर आणि त्याची एमसीबी पेटी त्या खुणेच्या वर बसवावी, आणि वरच्या मजल्यावरून तो पुरवठा बंद करता येईल अशी सोय ठेवावी. विमा घेताना बॅटरी आणि चार्जरला पाण्याने झालेलं नुकसान पॉलिसीत धरलंय का, हेही विचारा. साध्या पॉलिसीत ते असेलच असं गृहीत धरू नका, त्यासाठी वेगळं अॅड-ऑन घ्यावं लागू शकतं.

सवलत कुठली खरी, कुठली संपलेली

राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२५ हे ३१ मार्च २०३० पर्यंतचं आहे. त्यानुसार इलेक्ट्रिक कारला मोटार वाहन कर माफ आहे. १० ते २० लाखांच्या पेट्रोल कारला हा कर १२ टक्के पडतो, म्हणजे १४ लाखांच्या गाडीवर १ लाख ६८ हजार. खरी मोठी बचत ही. नोंदणी प्रमाणपत्राचं शुल्कही केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये बॅटरीवरच्या वाहनांना माफ केलंय. तेव्हा कोटेशनवर 'आरटीओ' म्हणून मोठी रक्कम दिसली तर ती कशाची आहे, हे एकेक ओळ करून विचारा. जीएसटी ५ टक्के आहे आणि तो किमतीत धरलेलाच असतो.

आयकरातली ८०ईईबीची वजावट मात्र विसरा. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंतची ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. अजूनही विक्रीच्या बोलण्यात ती ऐकू येते. इलेक्ट्रिक वाहनांना अनुदान देणारी केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना खाजगी कारसाठी नाही. राज्याच्या धोरणात थेट प्रोत्साहन रकमेची तरतूद आहे, पण ती वाहनाच्या प्रकारानुसार आणि ठरावीक संख्येपुरती. त्या जोरावर कुणी किंमत कमी सांगितली तर वजावट बिलावर छापून घ्या. "मागून खात्यावर येईल" यावर हप्ता ठरवू नका.

टोलचंही तसंच. माफी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गासाठी जाहीर झाली आहे. आपला रोजचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८. आनेवाडी, तासवडे, खेड-शिवापूर इथे ही माफी लागू नाही, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

आरटीओ आणि विमा

पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा आणि फोटो एवढंच आपण द्यायचं. फॉर्म २० वर सही करायची. विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ आणि कंपनीचा फॉर्म २२ डीलर जोडतो. कर्ज असेल तर फॉर्म ३४ वर बँकेचीही सही लागते. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापला जातो. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो.

पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या शोरूममधून गाडी घेत असाल तर सांगलीची एमएच-१०, साताऱ्याची एमएच-११ की कराडची एमएच-५०, कुठली नोंदणी हवी ते बुकिंगच्या वेळीच सांगा, नाहीतर डीलर आपल्या सोयीच्या कार्यालयात काम उरकून टाकतो. खाजगी इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पांढरी असतात. पिवळी अक्षरं भाड्याच्या गाडीला. पीयूसी लागत नाही.

नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. इलेक्ट्रिकचा हप्ता मोटरच्या किलोवॅटवर ठरतो. २०२२ च्या दरपत्रकात ३० किलोवॅटपर्यंत वर्षाला १,७८० रुपये, ३० ते ६५ ला २,९०४ आणि त्यावर ६,७१२. पेट्रोलच्या मानाने यात १५ टक्के सूट आधीच धरलेली आहे, त्यामुळे 'ग्रीन डिस्काउंट' म्हणून तीच सूट कुणी वेगळी दाखवत असेल तर हसून सोडून द्या.

डिलिव्हरी घेताना बॅटरीच्या वॉरंटीची वर्षं आणि किलोमीटर लेखी घ्या, आणि चार्जर, केबल यांचे सिरियल नंबर बिलावर आलेत का ते तपासा. पुढे चार्जर बदलून मागायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच नंबर विचारतात.