कारकुनाचे बेचाळीस किलोमीटर

१६ एप्रिल २०१८ रोजी बोस्टनमध्ये तापमान तीन-चार अंशांच्या आसपास होते, समोरून बोचरा वारा सुटला होता आणि मॅरेथॉनच्या रस्त्यावरून पावसाचे पाणी वाहत होते. नामवंत व्यावसायिक धावपटू एकामागून एक शर्यत सोडत होते. शेवटच्या दोन-अडीच किलोमीटरमध्ये आदल्या वर्षीचा विजेता जेफ्री किरुई याला मागे टाकून २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला तो युकी कावाउची. हा गृहस्थ जपानमधल्या सायतामा प्रांताच्या सरकारचा पूर्णवेळ कर्मचारी होता आणि शाळेच्या कचेरीत कारकुनी करीत होता. त्याच दिवशी महिलांमध्ये दुसरी आलेली सारा सेलर्स ही ॲरिझोनामधली, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारी परिचारिका होती. तिची ही आयुष्यातली दुसरीच मॅरेथॉन होती आणि सराव ती पहाटे चारला किंवा कामावरून सुटल्यावर संध्याकाळी सातला करीत असे.

अशा गोष्टी आपल्याकडे जिद्दीच्या कथा म्हणून सांगितल्या जातात. जिद्द असतेच, पण नोकरी करणाऱ्या माणसाच्या शरीरात नेमके काय घडते आणि त्याला खरी अडचण कोठे येते, हे तिच्यातून कळत नाही. वेळ कमी पडतो, ही सर्वांची पहिली तक्रार. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे, आणि कावाउचीचा दिनक्रम त्याचा चांगला दाखला आहे.

जपानमध्ये उत्तम धावपटू सहसा मोठ्या कंपन्यांच्या संघांत असतात. नावापुरती नोकरी, दिवसातून दोनदा सराव आणि महिन्याला १००० किलोमीटरच्या आसपास धावणे, असा त्यांचा रिवाज आहे. कावाउची त्या व्यवस्थेबाहेरचा. त्याची कामाची पाळी दुपारी सुरू होऊन रात्री संपत असे, म्हणून तो सकाळी एकदाच धावत असे, आणि महिन्याची बेरीज साधारण ६०० किलोमीटर होई. त्यातले बहुतेक धावणे संथ असे. आठवड्यातून एक-दोनदा वेगाचा सराव आणि शनिवार-रविवारी लांब पल्ला किंवा सरळ एखादी शर्यतच, असा त्याचा क्रम होता.

सकाळ निवडण्यामागे त्याची पाळी हे साधे कारण होते. पण सकाळ उपयोगी पडते याचे शास्त्रीय कारणही आहे. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय संध्याकाळी कशाने दमतात? वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचे उत्तर देणारा प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना एके दिवशी संगणकापुढे ९० मिनिटे सतत लक्ष एकवटावे लागेल असे किचकट काम दिले, दुसऱ्या एका दिवशी तेवढाच वेळ माहितीपट दाखवला, आणि दोन्ही वेळा नंतर दम संपेपर्यंत सायकल चालवायला सांगितली. माहितीपटानंतर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले. डोके शिणल्यावर मात्र ६४० सेकंदच. हृदयाचे ठोके, प्राणवायूचा वापर, रक्तातले लॅक्टेट (श्रम वाढले की स्नायूंत तयार होणारा पदार्थ) यांपैकी कशातही हा फरक समजावून देईल असे काही आढळले नाही. बदलले होते ते श्रमांचे भान, आणि तेही पहिल्या मिनिटापासून. मार्चअखेरच्या आठवड्यात संध्याकाळी धावताना माझे घड्याळ नेहमीचाच वेग आणि नेहमीचेच ठोके दाखवते, अंगाला मात्र घाट चढत असल्यासारखे वाटत राहते, ते यामुळेच. म्हणून वेगाचा सराव सकाळी ठेवावा आणि कचेरीनंतरचे धावणे संथ असू द्यावे.

संथ धावणे म्हणजे वेळ वाया घालवणे, असा समज नवख्यांमध्ये फार आहे. तो मोडायची सुरुवात १९६७ सालच्या काही उंदरांपासून करता येते. जॉन हॉलोझी या संशोधकाने सेंट लुईसमध्ये उंदरांना बारा आठवडे पट्ट्यावर पळवले आणि त्यांच्या पायांचे स्नायू तपासले, तेव्हा मायटोकाँड्रिया, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या पेशीतल्या भट्ट्या, यांची क्षमता सुमारे दुप्पट झालेली आढळली. ही वाढ होण्यासाठी दर वेळी ऊर फुटेस्तोवर पळावे लागत नाही, नियमितपणा लागतो. मायटोकाँड्रियातली विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, सतत मोडत आणि नव्याने बनत असतात, त्यामुळे दोन आठवडे खंड पडला की कमावलेले ओसरू लागते. आठवड्याचे चार दिवस पाऊण तास धावणारी व्यक्ती एकट्या रविवारी तीन तास धावणाऱ्यापेक्षा पुढे जाते, यात नवल नाही.

या भट्ट्यांचा उपयोग तिसाव्या किलोमीटरनंतर कळतो. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २७०० किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, मात्र साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे २००० किलोकॅलरींच्या आसपास असते. चरबीचा साठा याच्या कितीतरी पट आहे, पण चरबी सावकाश जळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी अधिक प्राणवायू मागते. मायटोकाँड्रिया जितके अधिक, तितका त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढतो आणि ग्लायकोजेन पुरवून पुरवून वापरले जाते. ज्यांचे ते संपते त्यांचे पाय अचानक जड होतात आणि वेग कोसळतो; धावपटू याला ‘वॉल’ लागणे म्हणतात. मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ नेमका याच सुमारास येतो, हा आखणी करणाऱ्यांचा खट्याळपणा नसून भूगोल आहे, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

हा साठा वाढवता येतो, हे स्वीडनच्या योनास बेर्गस्ट्रोम आणि एरिक हल्टमन यांनी १९६६ मध्ये दाखवले, आणि प्रयोगाला माणसे म्हणून ते स्वतःच बसले. एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारले. मग तीन दिवस पिष्टमय आहार घेत ते मांडीत सुई खुपसून स्नायूचे तुकडे काढत राहिले. श्रम केलेल्या पायात ग्लायकोजेन विश्रांती घेतलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट साठले. शर्यतीआधीचे दोन-तीन दिवस पानात भात वाढवण्यामागचा आधार हा आहे.

येथवर सारे नोकरदाराच्या बाजूचे आहे. अडचण हाडांची आणि कंडरांची, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांची, आहे, कारण त्यांचे वेळापत्रक स्नायूंच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. सराव सुरू केल्यावर रक्तातल्या द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच वाढते आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाड मात्र ताण पडला की आधी स्वतःला पोखरते. जुना भाग खाऊन टाकणाऱ्या पेशी साधारण तीन आठवडे काम करतात, आणि त्या पोकळीत नवे हाड भरणाऱ्या पेशींना तीनेक महिने लागतात. म्हणजे दम वाढल्यामुळे उत्साह जेव्हा शिगेला पोचतो, तेव्हाच नडगीचे हाड तात्पुरते कमजोर असते. माझ्या पहिल्या वर्षी सहाव्या आठवड्यात उजव्या नडगीवर आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी जागा दुखू लागली. अंगठ्याने दाबले की डोळ्यांपुढे काजवे चमकत. एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून मी आणखी दहा दिवस धावलो. ताणाने पडलेली चीर सुरुवातीला एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, हे एमआरआय झाल्यावर समजले, आणि पुढचे दोन महिने चालण्यात गेले.

कंडरेची गोष्ट याहून विलक्षण आहे. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतले किरणोत्सारी कार्बन-१४ एकदम वाढले आणि नंतर हळूहळू उतरले. प्रत्येक सजीवाच्या शरीरात त्या त्या वर्षाची ही खूण उमटली. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेमागच्या ॲकिलीस कंडरेच्या गाभ्यातला हा कार्बन मोजला, तेव्हा तो ती व्यक्ती सतरा वर्षांची होईपर्यंतच्या हवेशी जुळला. म्हणजे वाढीचे वय सरल्यावर कंडरेचा गाभा जवळजवळ बदलतच नाही. चाळिशीत धावायला सुरुवात करणारा व्यवस्थापक शाळकरी वयात विणल्या गेलेल्या दोरीवर आपले सारे वजन टाकत असतो. ही दोरी सरावाने थोडी ताठ होते, पण त्याला महिने लागतात, आणि कामाच्या गर्दीत हुकलेले तीन दिवस रविवारी एकदम भरून काढणे तिला मानवत नाही.

दुरुस्तीचे बरेचसे काम झोपेत होते. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा लोंढा रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत सुटतो. पहाटे चारचा गजर लावून रात्री साडेअकरापर्यंत ई-मेल पाहणारा माणूस धावण्यासाठी वेळ काढतो खरा, पण तो दुरुस्तीच्या वेळातून काढलेला असतो.

बोस्टनच्या त्या दिवशी एक प्रश्न कावाउचीपुढे नव्हता, जो मुंबई-ठाण्यात रोज पहाटे असतो. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतली तीन चतुर्थांश उष्णता होऊन बाहेर पडते. ताशी १० किलोमीटर धावणाऱ्या ६५ किलोच्या माणसात ती तासाला ४८० किलोकॅलरींच्या घरात जाते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण दमट हवेत घाम वाळत नाही, कोपरावरून टपकतो, आणि टपकलेला थेंब काहीच थंडावा देत नाही. दिवसभर एसीत बसणाऱ्याला याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात.

बोस्टन जिंकून परतल्यावर कावाउचीने नोकरी सोडण्याचा निर्णय जाहीर केला आणि एप्रिल २०१९ पासून तो व्यावसायिक धावपटू झाला. नोकरीत असताना २०१३ मध्ये सोलला त्याने नोंदवलेली सर्वोत्तम वेळ २ तास ८ मिनिटे १४ सेकंद होती. सारा दिवस धावण्यासाठी मोकळा झाल्यावर, २०२१ मध्ये जपानमधल्या बिवा सरोवराच्या शर्यतीत त्याने ती मोडली, २ तास ७ मिनिटे २७ सेकंदांत. मधल्या आठ वर्षांत तळव्यात कार्बनची पट्टी असलेले वेगवान बूटही बाजारात आले होते. फरक ४७ सेकंदांचा.