टॉवेल पोचत नाही तिथे पंखा

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत पहाटे सोलापुरातून गाडी काढली की पहिल्या पाच मिनिटांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. काच आतून धुरकटते, ड्रायव्हर खांद्यावरचा टॉवेल ओढतो, काचेवर एक गोल पुसतो आणि त्या गोलातून रस्ता बघत गाडी हाकत राहतो. टॉवेल इथलाच, त्याला काही तोटा नाही. पण हीच काच दोन आसनांच्या छोट्या विमानाची असली तर? ती इतकी तिरकी आणि पुढे गेलेली असते की पट्टा बांधून बसलेल्या माणसाचा हात तिच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय ती काच नसतेच. ते असतं ॲक्रिलिक, एक पारदर्शक प्लास्टिक. खरबरीत कापडाने पुसलं तर चरे पडतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तेच चरे डोळ्यांवर चमकतात.

ही अडचण जास्त करून घरी बांधलेल्या विमानांची. आपल्याकडे असं विमान म्हणजे बातमी. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं, तेव्हा किती चर्चा झाली ते आठवत असेल. अमेरिकेत हा बऱ्याच जणांचा सुट्टीच्या दिवसांचा उद्योग आहे. तिथली हौशी बांधणाऱ्यांची संघटना, ईएए, १९५३ पासून चालू आहे, आणि ओरेगॉनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीची सुट्या भागांची किटं आणून लोकांनी बांधलेली दहा हजारांहून जास्त ‘आरव्ही’ विमानं आजवर उडाली आहेत. कारखान्यातल्या विमानात वारा कुठून यावा ते इंजिनिअर ठरवतो. इथे भोक कुठे पाडायचं ते मालकालाच ठरवावं लागतं.

या मंडळींनी शोधलेला उपाय बघून मला तरी हसू आलं. कॉम्प्युटरच्या डब्यात असतो तो ८० मिलिमीटरचा चौकोनी पंखा! नवी पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात जुन्या डब्यांतून काढलेले असे पंखे ढिगाने पडलेले दिसतात. विमानात उपकरणांच्या पॅनेलवर एक काळं छप्पर असतं, त्याला ग्लेअरशिल्ड म्हणतात. त्याला काचेजवळ दोन भोकं पाडायची आणि वर तोंड करून असे दोन पंखे बसवायचे. पॅनेलमागची हवा ते खालून ओढतात आणि काचेवर सोडतात. रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र), स्क्रीन ही यंत्रं आतल्या आत स्वतःच्या उष्णतेत शिजत असतात. त्यांची ऊब उचलायची आणि जिथे ऊब हवी तिथे नेऊन टाकायची. विजेचा खर्च पंख्यामागे दोनेक वॅट.

आता काच धुरकटते कशाने? हवेत किती बाष्प मावेल ते तापमानावर ठरतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम मावतं, १५ अंशांच्या हवेत जेमतेम १३ ग्रॅम. हवा थंड होत गेली की एका तापमानाला ती काठोकाठ भरते. तो दवबिंदू. काचेचं तापमान त्याखाली गेलं की उरलेलं बाष्प काचेवर थेंब होऊन बसतं. ढगातही हेच घडतं, फक्त तिथे थेंबाला बसायला जागा शोधावी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरातूनच विमानं उडवून ढगांत कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडले, ते थेंबांना ही बैठक मिळावी म्हणूनच. कॉकपिटमध्ये बैठक आयती असते. अख्खी काच समोर पसरलेली.

आणि बाष्प आणतं कोण? आपणच. एक माणूस स्वस्थ बसलेला असला तरी श्वासातून आणि कातडीतून मिळून तासाला साधारण ३० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघं म्हणजे मिनिटाला एक ग्रॅम. कॉकपिटची पोकळी दीड घनमीटर धरा आणि हवा १५ अंशांची, बाष्पाने पाऊण भरलेली. तिच्यात आणखी फक्त पाचेक ग्रॅमला जागा उरते. म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण लावून बसल्यावर पाच मिनिटांत काम तमाम, आणि धावपट्टीच्या टोकाशी पोचेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. विमान रात्रभर उघड्यावर उभं असलं तर त्याहून लवकर, कारण निरभ्र आकाशाकडे उष्णता फेकून काच आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार झालेली असते.

पंख्यामुळे काचेवर गरम झोत येतो, असं सांगितलं जातं. हिशोब केला की जरा निराशा होते. उपकरणं सगळी मिळून ८० वॅट उष्णता देतात असं धरू. ८० मिलिमीटरचा एक पंखा सेकंदाला १५ लिटर हवा ढकलतो, म्हणजे दोघे मिळून ३० लिटर. एवढ्या हवेत ८० वॅट मिसळले की ती तापते कितीने? दोन-सव्वादोन अंशांनी. गाडीच्या हीटरपुढे हे काहीच नाही, आणि उपकरणं चालू केल्यावर पहिली काही मिनिटं तेवढंही नाही. तरी काच स्वच्छ होते, कारण भांडण दोन-तीन अंशांचंच असतं: काच दवबिंदूच्या किंचित वर ठेवली की पुरे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काचेला लागून हवेचा एक पातळ, जवळजवळ न हलणारा थर असतो. तो पांघरुणासारखा काम करतो; आतली ऊब काचेपर्यंत पोचू देत नाही. झोताने हा थर झिजतो, काच आतल्या हवेच्या तापमानाच्या जवळ येते आणि बसलेले थेंबही भराभर उडतात. ओल्या फरशीवर पंखा लावतो, तेच.

अर्थात पंखा बाष्प बाहेर नेत नाही. झाकण बंद आणि वारा यायची वाटही बंद असेल तर तो श्वासाचीच हवा काचेवर फिरवत बसतो. बाहेरची थोडी हवा आत घ्यावीच लागते. खऱ्या थंडीत इंजिनाच्या धुराड्याभोवती घातलेल्या कवचातून गरम हवा आणतात. ती भरपूर असते, पण धुराड्याला चीर गेली तर तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साईडही येतो. त्याला ना रंग ना वास.

ट्रकवाल्यांचा जुना उपाय म्हणजे काचेवर तंबाखू, साबण नाहीतर कापलेला बटाटा चोळणे. विड्यांच्या या गावात तंबाखूचा प्रयोग पाहिला नसेल असा माणूस विरळा. अशा लेपामुळे पाणी थेंब न धरता पातळ पसरतं आणि त्यातून आरपार दिसतं. ॲक्रिलिकवर मात्र हे करू नये. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रवही नको. त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

आता मे महिना. ही बाजू सोलापूरकराला जास्त पटेल. फुग्यासारख्या पारदर्शक झाकणातून भर दुपारी चौरस मीटरमागे हजारेक वॅट ऊन आत येतं. म्हणजे मांडीवर इस्त्री घेऊन बसल्यासारखंच. ग्लेअरशिल्डवरचे पंखे ही उष्णता कमी करत नाहीत, फक्त आतल्या आत फिरवतात. त्यांनी हवा बाहेर टाकली असती तरी ३० लिटरच्या प्रवाहाने त्यातले ७०० वॅट न्यायला आतलं तापमान बाहेरपेक्षा २० अंश जास्त असावं लागलं असतं. बाहेर ४२ असेल तर आतला आकडा आपणच काढा. उड्डाणात प्रश्न राहत नाही: ताशी २०० किलोमीटर वेगात वीस चौरस सेंटीमीटरच्या भोकातून सेकंदाला शंभरेक लिटर वारा आपोआप घुसू शकतो. त्यासाठी विमानाच्या कुशीत खोलगट, पुढे निमुळतं तोंड ठेवतात. तो आकार नासाच्या आधीच्या ‘नाका’ (NACA) या संस्थेने १९४० च्या दशकात तयार केला आणि आजही नाका डक्ट याच नावाने ओळखला जातो. हाल होतात ते जमिनीवर, रांगेत थांबल्यावर.

तरीही माणसावर रोखलेला छोटा पंखा कामाचा असतोच, कारण एक ग्रॅम घाम वाळताना अडीच हजार ज्यूलच्या आसपास उष्णता घेऊन जातो आणि आपल्या कोरड्या हवेत घाम वाळतो. सोलापुरात कूलर चालतो आणि रत्नागिरीत नुसता ओल धरतो, त्याचं कारण हेच. काही जण बर्फाच्या पेटीवर पंखा बसवून विमानात ठेवतात. दहा किलो बर्फ वितळताना तासभर ९०० वॅट शोषू शकतो. हिशोब छान जमतो, फक्त दहा किलो ओझं वाढतं, आणि तेही नेमकं उन्हाने हवा विरळ होऊन विमानाची वर चढायची ताकद आधीच कमी झालेली असताना.

यंत्रांचं मात्र पंख्यावाचून अडतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की इलेक्ट्रॉनिक्सचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. पॅनेलमागे कोंडलेली हवा वर चढून छपराखालीच अडते. तिला वाट मिळाली, की काच धुरकटलेली नसतानाही पंख्याचे पैसे वसूल.

बसवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. या पंख्याच्या मोटरीत लोहचुंबक असतो आणि विमानाचं होकायंत्र बहुधा तिथेच, ग्लेअरशिल्डवर किंवा काचेला लावलेलं असतं. पंखा सुरू-बंद करून सुई हलते का ते बघायचं. बंद असतानाही चुंबक तिथे असतोच, म्हणून पंखा बसवण्याआधीची आणि नंतरचीही दिशा पडताळायची. रेडिओत खरखर येते का तेही ऐकायचं. स्वतंत्र फ्यूज हवा. वर जाळी हवी, नाहीतर पेन्सिल आत. आणि सगळं न चमकणारं काळं हवं. चकचकीत पंख्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत दिसत राहतं.

इंजिन सुरू झालं की एवढ्याशा पंख्याचा आवाज ऐकू येत नाही. ग्लायडरवाले झाकणावर लोकरीचा धागा चिकटवतात आणि विमान वाऱ्यात तिरकं जातंय का ते त्यावरून ओळखतात. तीच युक्ती इथेही चालेल: टॉवेलाचा बोटभर धागा वरच्या जाळीला बांधून ठेवायचा. फडफडत असेल तर पंखा चालू, आडवा पडला तर बंद.