‘कशावरून?’ आणि ‘कसं?’

बायबलच्या नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात गब्रीएल देवदूत दोघांना भेटतो. आधी यरुशलेमच्या मंदिरात जखऱ्या याजकाला, मग जखऱ्याची बायको अलीशिबा हिच्या गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात नासरेथात येशूची आई होणाऱ्या मरीयेला. दोघांनाही मुलगा होणार असं तो सांगतो आणि मुलाचं नावही सांगून ठेवतो. दोघंही त्याला उलट प्रश्न करतात. जखऱ्या म्हणतो, ‘हे मी कशावरून समजू? मी म्हातारा, माझ्या बायकोचंही वय उलटून गेलेलं.’ मरीया म्हणते, ‘हे कसं होईल? मला पुरुष ठाऊक नाही.’ जखऱ्याची वाचा बंद होते. मरीयेला उत्तर मिळतं.

लहानपणी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, हा पाठ झाला तेव्हा मी बाईंना विचारलं होतं, दोघांनी सारखंच विचारलं, मग शिक्षा एकालाच का? बाई म्हणाल्या, ‘देवाला प्रश्न विचारायचे नसतात.’ पण मरीयेनेही विचारलाच होता की! त्या दिवशी मी गप्प बसलो, पण ते उत्तर काही गळी उतरलं नाही. आज आमच्या मंडळीतली (चर्चमधली) कॉलेजात जाणारी मुलं हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात: आम्हाला शंका येतात, म्हणजे आमचा विश्वास कमी आहे का? त्यांना मी हे दोन प्रश्न शेजारी-शेजारी ठेवून वाचायला सांगतो.

आपली मराठी इथे फार उपयोगी पडते. ‘कशावरून’ म्हणजे पुरावा दाखवा. घरात कुणी म्हणालं, ‘पाऊस येणार,’ आणि आपण ‘कशावरून?’ म्हटलं, की सांगणाऱ्याला आधी आपलं म्हणणं सिद्ध करावं लागतं. ‘कसं’ म्हणजे वाट दाखवा. ‘उद्या पहाटे नाशिकला पोहोचायचंय,’ असं कुणी सांगितल्यावर ‘कसं जायचं?’ असं विचारणारा जायला निघालेलाच असतो. मूळ ग्रीकमध्येही हाच फरक आहे: जखऱ्याच्या तोंडी ‘कशाच्या आधारे ओळखू’ असे शब्द आहेत, मरीयेच्या तोंडी ‘हे कसं घडेल’.

म्हणून जखऱ्याला वाईट ठरवायची घाई नको. लूक त्याला आणि अलीशिबेला नीतिमान आणि निर्दोष म्हणतो. याजकांच्या पाळ्यांपैकी अबीयाच्या वर्गातला हा याजक, चिठ्ठी निघाली म्हणून धूप जाळायला आत गेलेला. एकदा ज्याने धूप जाळला त्याला पुन्हा त्या चिठ्ठीत धरत नसत, अशी यहुदी परंपरा सांगते. म्हणजे आयुष्यातला एकच दिवस. बाहेर लोक प्रार्थना करत उभे, आत वेदीच्या उजव्या बाजूला देवदूत, आणि त्याचं पहिलंच सांगणं असं की तुझी विनंती ऐकली गेली आहे. ज्या गोष्टीसाठी हा माणूस कित्येक वर्षं प्रार्थना करत आला असेल तीच समोर आली, तेव्हा त्याला आपलं वय आठवलं. त्याच्या ‘कारण मी म्हातारा आहे’ या वाक्यात विषय संपलेला आहे. मरीयाही ‘कारण’ म्हणते, पण अडचण समोर मांडून ती थांबते, ऐकते, आणि उत्तर आल्यावर म्हणते, ‘मी प्रभूची दासी. आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो.’

आता एक अडचण, आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. जखऱ्याचे शब्द नवे नाहीत. बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात देव अब्रामाला (पुढे ज्याचं नाव अब्राहाम झालं त्याला) म्हणतो की हा देश तुला वतन देईन, आणि अब्राम विचारतो, मला हे वतन मिळेल हे मी कशावरून समजू? हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात अगदी तेच शब्द आहेत. तिथे शिक्षा नाही. उलट त्याच रात्री धुमसती भट्टी आणि पेटती मशाल चिरलेल्या पशूंच्या मधून जाते आणि देव त्याच्याशी करार करतो. दोनच ओव्या आधी लिहिलेलं असतं की अब्रामाने विश्वास ठेवला आणि तो त्याचं नीतिमत्त्व गणला गेला. तेव्हा नुसत्या व्याकरणावरून निवाडा करता येत नाही. वयाच्या 75व्या वर्षी, कुठे जायचं ते ठाऊक नसताना, आपलं राहतं हारान गाव सोडून निघालेला हा माणूस होता. त्याच्या ‘कशावरून’मागे चाललेली वाट होती.

याच्या नेमकं उलट उदाहरण यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 7व्या अध्यायात आहे. यहूदाचा राजा आहाज संकटात, अराम आणि इस्राएल ही शेजारची दोन्ही राज्यं अंगावर आलेली. देव संदेष्ट्याकरवी म्हणतो, चिन्ह माग, खाली अधोलोकातलं माग की वर आकाशातलं माग. आहाज म्हणतो, ‘मी मागणार नाही, परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही.’ आमच्या शब्बाथशाळेत या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते! पण यशया संतापतो, कारण राजाने आपला उपाय आधीच ठरवला होता. त्याने मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनंरुपं अश्शूरच्या राजाला पाठवून त्याची मदत मागितली, हे दुसऱ्या राजांच्या पुस्तकात आहे. प्रश्न न विचारणं हीसुद्धा अविश्वासाची एक तऱ्हा असते, आणि ती फार सोज्वळ दिसते. याच प्रसंगात यशया आहाजाला सांगतो की भाव धरला नाही तर निभाव लागणार नाही. ग्रीक भाषांतरकारांनी तिथे ‘तुम्हाला समजणार नाही’ असं लिहिलं, आणि त्यावरूनच प्राचीन मंडळीतला धर्मपंडित ऑगस्टीनने ‘समजावं म्हणून विश्वास ठेव’ हे सूत्र मांडलं. ‘निभाव’ आणि ‘समज’ यांतलं मूळ हिब्रूच्या जवळचं कोणतं, तर पहिलं. ‘आमेन’ ज्या धातूतून आला त्याच धातूवरचा हा शब्दखेळ आहे, पायाखाली घट्ट जमीन असण्याचा. मला दोन्ही अर्थ लागोपाठ वाचायला आवडतात. पाय टेकला की आजूबाजूचं दिसायला लागतं.

जखऱ्याकडे परत येतो, कारण त्याची गोष्ट शिक्षेवर संपत नाही आणि आपण ती बहुतेक वेळा तिथेच सोडतो. बाळ आठ दिवसांचं झालं, सुंतेला शेजारीपाजारी आणि नातलग जमले. सगळे त्याला बापाचंच नाव ठेवायला निघाले. अलीशिबा म्हणाली, योहान. लोक म्हणाले, तुमच्या घराण्यात हे नाव कुणाचंच नाही, आणि त्यांनी खुणा करून बापाला विचारलं. त्याने पाटी मागवली. नऊ-दहा महिने न बोललेला म्हातारा, हातात पाटी, भोवती सगळा गोतावळा माना पुढे काढून बघतोय. त्याने लिहिलं: ‘ह्याचे नाव योहान आहे.’ ‘ठेवा’ असं लिहिलं नाही, ‘आहे’ असं लिहिलं. देवदूताने त्याला करायला सांगितलेली गोष्ट एवढीच होती, मुलाचं नाव योहान ठेव. ती केली आणि त्याच क्षणी जीभ मोकळी झाली. मग जे स्तोत्र त्याच्या तोंडून आलं त्यात इस्राएलाच्या साऱ्या इतिहासाचा अर्थ त्याला लागलेला दिसतो: दाविदाचं घराणं, अब्राहामाला वाहिलेली शपथ, आणि आपलं हे पोर प्रभूच्या पुढे त्याचे मार्ग सिद्ध करायला जाणार. मंदिरात पुराव्याशिवाय जे पटत नव्हतं ते पाटीवर चार शब्द लिहिल्यावर उमगलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (हा योहान वेगळा) 7व्या अध्यायात येशू म्हणतो की जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार होईल त्याला ही शिकवण देवाची आहे की नाही ते कळेल. तिथे करण्याची तयारी आधी आणि कळणं मागून, असाच क्रम आहे.

हा क्रम मला पुस्तकात पटला होता, अंगावर आला तेव्हा नाही. शेताच्या बांधावरून थोरल्या भावाशी चार वर्षं बोलणं बंद होतं. दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ म्हणायचो आणि मनात धरून बसायचो की दादाने असं का केलं ते आधी कळू दे, मग क्षमा करतो. ऐकायला किती रास्त वाटतं! एका नाताळात बायकोने करंज्यांचा डबा हातात ठेवला आणि म्हणाली, देऊन या. गेलो. दादा दारात उभा राहून माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, ‘चहा घेऊन जा.’ बांधाचा विषय निघाला नाही. त्याने तसं का केलं ते मला आजही कळलेलं नाही. इतकी वर्षं म्हणत आलेल्या त्या प्रार्थनेतली ओळ मात्र परत येताना एसटीत बसल्या-बसल्या कळली.

मरीयेलाही सगळं कळलं होतं असं समजू नये. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडल्यावर जे बोलला ते तिला आणि योसेफाला समजलं नाही, असं लूक सरळ लिहितो. पुढे म्हणतो, तिने हे सगळं मनात जपून ठेवलं. ‘होवो’ म्हणून झाल्यावरही ती न समजलेल्या गोष्टी वर्षानुवर्षं बाळगत राहिली, आणि तिने त्या टाकूनही दिल्या नाहीत. पाय धुऊ न देणाऱ्या पेत्र या शिष्याला प्रभूने सांगितलं की मी काय करतो ते तुला आत्ता कळत नाही, नंतर कळेल. त्याने ‘आधी समज’ असंही म्हटलं नाही आणि ‘समजायची गरजच नाही’ असंही म्हटलं नाही.

‘समजायची गरज नाही’ हे माणसं म्हणतात, आणि आज्ञापालनाची सर्वांत मोठी गफलत तिथे होते. कुणी पाळक, कुणी संस्थेचा प्रमुख, कुणी घरातला वडीलधारा ‘प्रश्न विचारू नकोस, विश्वास ठेव’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो स्वतःवर विश्वास ठेवायला सांगत असतो. तिथे ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. बिरुया शहरातल्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणं ऐकलं आणि तो म्हणतो ते खरं का हे रोज शास्त्रात तपासून पाहिलं. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक यासाठी त्यांना नावाजतं. खुद्द पौलच थेस्सलनीकाकरांना लिहितो की सगळ्याची पारख करा.

आपल्याकडे हे दोन्ही प्रश्न एकाच आयुष्यात, आणि योग्य जागी विचारलेले पाहायचे असतील तर पंडिता रमाबाईंकडे पाहावं. 1883च्या 29 सप्टेंबरला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नंतर तिथल्या मठातल्या संन्यासिनी भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो पाहिला की धक्का बसतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याबद्दल, मंडळीच्या अधिकाराबद्दल, जे शास्त्रात आढळत नाही ते का मानायचं याबद्दल त्या विचारत राहिल्या. मायदेशी पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढलं, आता तसलंच दुसरं घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. वडीलधाऱ्यांना हा गर्व वाटला. मला ती बिरुयाकरांची पारख वाटते.

आणि याच रमाबाईंनी पुढे कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ज्या बाईने माणसांच्या हुकमापुढे मान तुकवली नाही, तिने 1891च्या सुमाराला स्वतःला प्रभूच्या स्वाधीन केलं. समजून घेणं त्यानंतर थांबलं नाही, वाढलं. संस्कृतात पंडिता म्हणून गाजलेल्या या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कशासाठी, तर केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या आणि गावोगावच्या अडाणी बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत अख्खं पवित्र शास्त्र उतरवायला. संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या मुली खिळे जुळवत. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचं निधन झालं तेव्हा भाषांतराचं काम त्यांच्या हातून पुरं झालेलं होतं.