ब्रॉडकास्ट वाहतूक, व्हीपीएन-जोडणीतील

ब्रॉडकास्ट वाहतूक, व्हीपीएन-जोडणीतील : एका स्थानिक नेटवर्कमधील सर्व यंत्रांना उद्देशून सोडलेले संदेश, ते नेटवर्क व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीने) दूरच्या नेटवर्कशी जोडलेले असताना कोठवर पोहोचतात, याचा विचार या नोंदीत केला आहे. टनेलमधील, म्हणजे या जोडणीच्या आभासी वाहिनीतील, मजकूर कसा सांकेतिक केला आहे याचा येथे फारसा संबंध नसतो. टनेल नेटवर्क-रचनेच्या कोणत्या स्तरावर चालते, हेच निर्णायक ठरते. ते तिसऱ्या स्तरावरचे, म्हणजे आयपी पॅकेट वाहणारे असेल, तर दोन्ही टोके राउटरचे (नेटवर्कांदरम्यान पॅकेट पुढे पाठवणाऱ्या उपकरणाचे) काम करतात आणि ब्रॉडकास्ट आपापल्या बाजूलाच थांबतो. ते दुसऱ्या स्तरावरचे, म्हणजे संपूर्ण इथरनेट फ्रेम (स्थानिक नेटवर्कवरील संदेशाचे एकक) वाहणारे असेल, तर दोन्ही ठिकाणे मिळून एकच ब्रॉडकास्ट क्षेत्र तयार होते. ओपनव्हीपीएन या प्रणालीतील ‘टन’ (तिसरा स्तर) आणि ‘टॅप’ (दुसरा स्तर) ही याच भेदाची परिचित रूपे होत. वायरगार्ड ही दुसरी व्हीपीएन प्रणाली केवळ तिसऱ्या स्तरावर चालते. शिवाय त्यात प्रत्येक आयपी पत्ता एकाच जोडीदाराच्या (दुसऱ्या टोकाच्या यंत्राच्या) नावे नोंदलेला असल्याने एक पॅकेट अनेकांना वाटण्याची सोयच नसते.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत ब्रॉडकास्ट पत्ते दोन प्रकारचे असतात. २५५.२५५.२५५.२५५ हा मर्यादित पत्ता कोणत्याही राउटरने पुढे पाठवायचा नसतो. दुसरा, दिग्दर्शित पत्ता विशिष्ट सबनेटचा (उपनेटवर्कचा) असतो (उदा., १९२.१६८.५.०/२४ साठी १९२.१६८.५.२५५), तो साध्या पॅकेटप्रमाणे टनेल ओलांडतो आणि शेवटच्या राउटरवर त्याचा ब्रॉडकास्ट होतो, निदान व्हावा अशी मूळ कल्पना होती. या पत्त्यांचे नियम जेफ्री मोगल यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ९१९ व ९२२ मध्ये मांडले. मात्र ४.२ बीएसडी या संगणक-प्रणालीत पत्त्याच्या यजमान-भागात (यंत्र दर्शवणाऱ्या भागात) सर्व एक घेण्याऐवजी सर्व शून्ये घेण्याचा प्रघात होता, आणि १९८९ च्या आरएफसी ११२२ ने तो अप्रमाणित ठरवला. आरएफसी १८१२ (१९९५) प्रमाणे दिग्दर्शित ब्रॉडकास्ट पुढे पाठवणे हे राउटरचे मूळ वर्तन होते; १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘स्मर्फ’ हल्ल्यांनी (बळीच्या नावे दिग्दर्शित ब्रॉडकास्ट सोडून सर्वांची उत्तरे त्याच्यावर लोटणाऱ्या) या सवलतीचा दुरुपयोग केल्यावर आरएफसी २६४४ (१९९९) ने ते मुळात बंद ठेवण्यास सांगितले.

टनेलपलीकडचा झोपलेला संगणक जागा करताना याचा परिणाम दिसतो. त्यासाठीच्या ‘मॅजिक पॅकेट’च्या गाभ्यात एफएफ मूल्याचे सहा बाइट व त्यामागोमाग यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क-कार्डाचा सहा बाइटचा पत्ता) सोळा वेळा, असे १०२ बाइट असतात. हे पॅकेट थेट त्या यंत्राच्या आयपी पत्त्यावर पाठवले, तर राउटरच्या एआरपी तक्त्यात (आयपी पत्त्याशी मॅक पत्ता जुळवणाऱ्या) त्याची नोंद असेपर्यंतच ते पोहोचते; नोंद गळाल्यावर झोपलेले यंत्र एआरपीला उत्तर देऊ शकत नाही. म्हणून पलीकडच्याच एखाद्या सदा चालू उपकरणाकडून ते पॅकेट स्थानिकरीत्या सोडवणे अधिक खात्रीचे.

एकाहून अधिक जोडण्या असलेल्या यंत्राने मर्यादित ब्रॉडकास्ट सर्व जोडण्यांवर सोडावा की एकीवरच, या वादात आरएफसी ११२२ ने जाणीवपूर्वक कोणतीही बाजू घेतलेली नाही. प्रत्यक्षात तो पुष्कळदा राउटिंग तक्त्यात अग्रक्रम असलेल्या एकाच जोडणीवरून जातो. टॅप टनेल बिनचूक असूनही जुन्या खेळांना पलीकडचे खेळाडू दिसत नाहीत, त्याचे कारण कित्येकदा टनेलमध्ये नसून येथे असते.

दोन्ही बाजू ब्रिजने (दुसऱ्या स्तरावरील जोडणीने) एक केल्यास असे शोध सोपे होतात. पण एआरपीची प्रत्येक विचारणा मंद दुव्यावरून जाऊ लागते. दोन्हीकडे डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते देणारे) सर्व्हर असतील, तर इकडच्या यंत्राला तिकडचा गेटवे (बाहेर जाण्याचा राउटर) मिळू शकतो, आणि त्याची सारी इंटरनेट वाहतूक टनेलमधून वळसा घेते. इथरनेट फ्रेममध्ये आयुर्मर्यादेचा रकाना नसल्याने दोन समांतर टनेलांतून वर्तुळ तयार झाले, तर एकच ब्रॉडकास्ट अखंड फिरत व वाढत राहतो. त्यामुळे राउटिंग कायम ठेवून गरजेपुरते प्रतिनिधी नेमण्याची पद्धत अधिक ग्राह्य वाटते : डीएचसीपीसाठी रिले, नावांवरून पत्ते शोधण्यासाठी डीएनएस, आणि २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट (ठरावीक गटाला उद्देशून असलेल्या) पत्त्यावर चालणाऱ्या एमडीएनएस या स्थानिक नाव-शोधासाठी त्याचे संदेश पलीकडे पोहोचवणारा रिफ्लेक्टर. रिले हा यजमानाचा (पत्ता मागणाऱ्या यंत्राचा) ब्रॉडकास्ट स्वीकारून सर्व्हरला थेट पाठवतो व स्वतःचा पत्ता त्यात नोंदवतो. त्यावरूनच सर्व्हरला कोणत्या सबनेटचा पत्ता द्यायचा ते कळते.

जेथे दुसरा स्तर पसरवणे टाळता येत नाही, तेथे व्हीपीएलएस या दुसऱ्या स्तरावरील सेवेच्या पूर्ण जाळीत प्रत्येक ब्रॉडकास्टची प्रत इतर सर्व टोकांना पाठवली जाते, आणि जाळीतून आलेली फ्रेम पुन्हा जाळीत न सोडण्याच्या नियमाने वर्तुळ टळते. तशाच ईव्हीपीएन (आरएफसी ७४३२, २०१५) या सेवेत मॅक व आयपी पत्ते बीजीपी या मार्ग-माहिती देवाणघेवाणीच्या नियमप्रणालीने आधीच कळवले जात असल्यामुळे एआरपीचे उत्तर बरेचदा जवळच्याच टोकाला देता येते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत ब्रॉडकास्ट नाही, मल्टिकास्ट आहे; तरी ब्रिज केलेल्या टनेलमधून पलीकडच्या राउटरच्या घोषणा अलीकडे येतात, आणि यंत्रे त्या राउटरला आपला गेटवे मानू लागतात.